ऐकणं गेलेले

आमच्या सप्ताहात गाड्या मंडपाला खेटूनच लागत. कीर्तनकार बुवांनी गाडीतून उतरावं ते थेट तोरणाखाली, हा मान समितीचे अध्यक्ष शालिग्रामकाका तीस वर्षं राखत आले.

यंदा पोलिसांनी धोक्याचा अहवाल मागितला. काकांची पुतणी रेवती पुण्यात तेच काम करते. गाडीत स्फोट झाला तर किती माणसांना काय इजा होईल, ते संगणकावर मांडायचं. ती सकाळीच संगणक घेऊन मंडपात येऊन बसली.

"काका, गाड्या शाळेच्या मैदानात न्या."

"काऊन वं? बुवा काय धुराळ्यातून चालत येतीन? आन् आपल्या गावात कोन बॉम्ब ठेवते?"

"ठेवलाच, तर कोण कुठे बसलेलं असेल, एवढंच मी बघते."

संगणकाच्या पडद्यावर माणसांचे ठिपके सारख्या अंतरावर होते. काकांच्या पत्नी कौशल्याकाकू ते पाहून हसल्या. "अशा बसतेत का बाया? सोजराबाई, भिमाबाई, ज्यायले कमी ऐकू येते, त्या साऱ्या पुढं, या खांबापाशी. मी बी तिथंच."

त्या खांबामागेच गाड्या लागत. रेवतीनं एकेक ठिपका उचलून पुढे नेला आणि हिशेब पुन्हा चालवला. मृत सातांचे एकोणीस झाले.

काकांनी हात जोडले. "मरन त्याच्या हाती हाय, बाई. आन् हे किरकोळ जखमीमदी एकशेचाळीस कायचे?"

"कानांचे पडदे फाटतील. जिवाला धोका नाही, म्हणून किरकोळ."

काका खाली बसले. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण. त्यांचं अवघं आयुष्य त्या पहिल्या पायरीवरच आनंदात गेलेलं.

"बरे होतेत ते?"

"काहींचे. म्हाताऱ्यांचे बहुतेक नाही."

"म्हंजे बुवा गाऊन राह्यले, मृदंग वाजून राह्यला, आन् हिले काहीच नाही?" त्यांनी काकूंकडे पाहिलं. "याले किरकोळ म्हनतं व्हय वं तू?"

रेवतीनं 'किरकोळ' खोडलं. त्या जागी लिहिलं : ऐकणं गेलेले. मग गाड्या मैदानात नेऊन पाहिल्या. मृत शून्य. ऐकणं गेलेले नऊ.

"अजून नऊ?"

"हो, काका."

काका उठले. गाड्या अडवायच्या दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि मैदानाकडे निघाले.

"मैदानाच्या बी पुढं, ओढ्याच्या पल्याड लावू गाड्या," ते म्हणाले. "बुवायले मी हात धरून आनतो."