सोळा दारं

समाजभवनाच्या फरशीवर चित्राने खडूने गल्लीचा नकाशा काढला. लाल टिकल्या नाल्याजवळ नाहीतर दारूच्या दुकानापाशी लागतील, असा तिचा अंदाज होता. ती मूळची साताऱ्याची, नवा रायपूरमधल्या एका संस्थेत नोकरीला. वस्त्यांमधल्या माणसांचं मन कशाने पोखरतं, हे संस्थेला शोधायचं होतं, आणि तेही वस्तीलाच विचारून. रायपूरच्या गुढियारी भागातल्या या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ती महिनाभर येत होती. "तुम्ही ठरवाल तेच होईल," असं तिने पहिल्याच दिवशी बायकांना सांगितलं होतं.

जिथे जीव घाबरा होतो तिथे टिकली लावायची होती. चौदा बायका होत्या. बारा जणींनी एकाच दाराशी टिकली लावली.

"हे कोणाचं घर?"

"कुसुमचं," विमलाबाई म्हणाल्या. त्या गोंदियाकडच्या, नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला. पाऱ्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. "तिचा नवरा शंकर मालधक्क्यावर हमाल होता. मागच्या मे महिन्यात लू, उन्हाची झळ, लागून गेला. तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता ही गल्लीतलं एकेक दार ठोकते अन् पुढे जाते. बोलत काही नाही."

"दीदी, मेरी बेटी दो बजते ही कान बंद कर लेती है," शेजारची दीपमाला म्हणाली.

कुसुमला सरकारी मनोरुग्णालयात पाठवावं, असं अर्ध्या तासात ठरलं. अर्ज लिहून झाला, सह्या झाल्या, दोन अंगठे उठले. एवढं एकमत चित्राने कुठल्याच वस्तीत पाहिलं नव्हतं. तरी परतताना बसमध्ये तिला स्वस्थ बसवेना. रुंद, रिकामे रस्ते मागे जात होते आणि ती पिशवीतला अर्ज पुन्हा पुन्हा काढून बघत होती. शेवटी तिने संस्थेतल्या वरिष्ठांना, भास्कर सरांना, फोन लावला.

"वस्तीनेच ठरवलंय ना? मग अडचण काय?" सर म्हणाले.

"जिच्याबद्दल ठरलं ती तिथे नव्हती, सर."

"मग भेटून ये. पण शुक्रवारपर्यंत अर्ज पुढे जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती कुसुमच्या दारी गेली. चाळिशीची, हाडकुळी बाई. घर लख्ख झाडलेलं.

"माझ्यावर कागद केला ना बायांनी?" कुसुमने आधीच विचारलं.

चित्राला खोटं बोलता येईना. "हो."

"बस."

चित्रा बसली. तुम्ही दारं का ठोकता, असं तिने विचारलं.

"मी पागल नाही," कुसुम म्हणाली. "त्या दिवशी हे घामही न येता तापून राहिले होते. मले एकटीले उचलत नव्हते. ऑटो आणाले, हात लावाले कोणी तर पाहिजे. मी सोळा दारं ठोकली. एकही उघडलं नाही. मंग सगळे म्हणाले, कूलरच्या आवाजात ऐकू नाही आलं. म्हणून रोज पाहतो, आवाज आत जाते का नाही."

"मग? जातो?"

"जाते. ठोकलं का आतला कूलर बंद होते. त्या दिवशीही झाला होता."

"कोणाच्या घरी?"

कुसुमने नाव सांगितलं नाही. म्हणाली, "तू बायांले विचार. तुह्या फरशीवर."

शुक्रवारी सकाळी चित्राने बायकांना पुन्हा जमवलं. हा कार्यक्रम इथेच मोडला तर सरांना काय सांगायचं, तेही तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "अर्ज माझ्याजवळच आहे. पण कुसुमताईंचा एक प्रश्न आहे. त्या दिवशी आवाज ऐकू आला होता का?"

एकीने पदराशी चाळा सुरू केला. दीपमाला म्हणाली, "पुरानी बात है, दीदी. अब क्या फायदा?" विमलाबाई उठून बाहेर गेल्या. त्या गेल्याच, असं चित्राला वाटलं. थोड्या वेळाने त्या परत आल्या, पण बसल्या नाहीत.

"मी जागी होती," त्या म्हणाल्या. "कोण आहे ते ऐकाले कूलर बंद केला. कुसुमचा आवाज ओळखला. मले वाटलं, शंकर पुन्हा पिऊन पडला असन. त्याच्या आधी दोनदा मीच धावली होती, दोन्ही वेळा दारूच निघाली. मी कूलर पुन्हा चालू केला."

मग दीपमाला खाली मान घालून म्हणाली, "हव, हमने भी सुना था." तिच्यानंतर आणखी सात जणींनी सांगितलं. दोघी मात्र तावातावाने म्हणाल्या की आम्ही झोपलोच होतो, अर्ज पुढे जाऊ दे. अर्जाचं काय करायचं, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी विमलाबाई म्हणाल्या, "राहू दे सध्या." चित्राने अर्ज पाठवला नाही. भास्कर सर फोनवर खूप चिडले.

त्याच दुपारी कुसुम निघायच्या आधीच विमलाबाई तिच्या दारात गेल्या आणि जे झालं ते सांगून टाकलं. कुसुमने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने ठोकायला सुरुवात केली, तेव्हा पहिलंच दार उघडलं. दुसरंही. सहाव्या दाराशी ती थांबली. मागे वळून उघड्या दारांत उभ्या असलेल्या बायकांकडे तिने पाहिलं.

"आता काहून उघडता?" ती ओरडली. "आता कोण मरून राहिलं?"

ती घरात गेली ती चार दिवस बाहेर आली नाही. पाऱ्याला आता ती शांतता सोसेना. दोन वाजले की बायका उठून बसत, कान देत. आपण एका बाईचा उरलासुरला आधार काढून घेतला की काय, या विचाराने चित्राला दुसरं काही सुचत नव्हतं. ती रोज येत होती. कुसुमच्या चुलीचा धूर दिसला की तेवढ्यापुरता तिला श्वास येई.

पाचव्या दिवशी विमलाबाई कुसुमच्या पायरीवर जाऊन बसल्या. तासभर बसल्या. दार उघडलं.

"ऊन लागन तुले," कुसुम म्हणाली.

"लागू दे."

"माफ नाही करत मी."

"मी मागाले नाही आली," विमलाबाई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला कुसुम आली. दाराजवळ बसली. उन्हाळाभर दुपारी बारा ते चार पाळीपाळीने दोन घरांची दारं उघडी ठेवायची आणि आजाऱ्यासोबत कोणी जायचं ते आधीच ठरवायचं, असं बायकांनी मांडलं. कुसुमने एकच अट घातली. "पिलेला असो का बिनपिलेला, उचलाचं. पिला होता का, ते दवाखान्यात गेल्यावर पाहाचं."

अट मान्य झाली. ज्या दोघी अर्जावर अडून होत्या त्या पाळीत आल्या नाहीत, त्यांची दारं बंदच राहिली.

कुसुमचं ठोकणं थांबलं. रात्रीची झोप मात्र परत आली नाही, हे तिने चित्राला आपणहून सांगितलं. झोपेसाठी डॉक्टरकडे जाते म्हणाली. "पण कागदावरून नाही. मी सोताच्या पायानं चालत जाईन."

पुढच्या सोमवारी ती गेली. सोबत विमलाबाई होत्या. डॉक्टरांच्या दाराबाहेर नंबर यायला दोन तास लागले. विमलाबाईंनी घरून आणलेली पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा कुसुमने ती घेतली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.