घोटभर पाणी

शिंपीमास्तर प्रार्थनाघरात बायबल वाचायला उभे राहिले, तेव्हा गळ्यातली मापाची टेप काढायची राहूनच गेली होती. समोर बाकं ओस. पहिल्या बाकावर त्यांची सख्खी मावशी, कानाने अधू पण पायाने तुरुतुरु. तिच्यामागे चार टाळकी. आणि कोपऱ्यात थोरले पाळकसाहेब, मांडीवर भलंमोठं कुलूप घेऊन. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "आजही बाकं भरली नाहीत, तर हे प्रार्थनाघर बंद."

मास्तरांचं लग्न इथंच लागलेलं, आईला शेवटचा निरोपही इथूनच दिलेला. ते कुलूप दाराला लागू द्यायचं नव्हतं. पण माणसं आणायची कुठून? नळ कोरडे पडल्यापासून अख्खी गल्ली रविवारीही भांडी घेऊन पाण्यामागे वणवण करत होती.

म्हणून मास्तरांनी मुद्दाम पाण्याचाच उतारा काढला होता. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेलं पाणी! मंदिराच्या उंबरठ्याखालून झिरपतं, पूर्वेला वाहतं, आणि एक जण दोरी घेऊन ते मोजत जातो.

"गंमत बघा," मास्तर रंगात आले, "वाटेत एक ओढा मिळत नाही, एक ओहोळ मिळत नाही, तरी नदी वाढतच जाते! देवाच्या दारातून निघालेल्याला बाहेरची भर लागत नाही. आधी पाणी आलं घोट्यापर्यंत—"

"घोटभर?" मावशी ताडकन उठली. "अरे, घसा सुकला तर तोंडाने सांगावं की!"

"मावशी, घोटा! पायाचा घोटा!"

"मोठा? बरं बाबा, मोठा पेला आणते."

मास्तरांनी कपाळाला हात लावेपर्यंत ती त्यांच्या पाठीमागच्या खोलीत शिरलीसुद्धा. तिथल्या नळाला तिने सगळा जोर लावून पीळ दिला. नळाने नुसता सुस्कारा टाकला. "मेला आळशी!" म्हणत तिने नळ तसाच उघडा टाकला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि पेला घेऊन मागच्या मागे शेजारणीकडे सटकली.

इकडे मास्तर पुन्हा वाचू लागले. तोच पायाला गार लागलं. खाली बघतात तर मागच्या खोलीच्या उंबरठ्याखालून पाण्याची जीभ बाहेर आलेली! बाकांमधून ती सरळ निघाली, पायऱ्यांवरून उड्या मारत रस्त्यावर. आणि प्रार्थनाघराच्या दाराचं तोंड? पूर्वेला!

"पाळकसाहेब!" मास्तरांचा आवाज चिरकला. "उंबरठ्याखालून! पूर्वेकडे!"

त्यांनी गळ्यातली टेप ओढली आणि धपकन खाली बसून मोजायला लागले. घोट्यापर्यंत तर होतंच. गुडघ्यापर्यंत आलं का, असं विचाराल, तर मास्तरांनी गुडघे टेकले होते. तेव्हा आलंच म्हणायचं.

बाहेर कोणीतरी बोंब ठोकली, "पाणीऽऽ!" मग काय विचारता! घरोघरचे नळ अजून कोरडेच. पावाच्या भट्टीवाला परात घेऊन आला, न्हावी तांब्या घेऊन, दोन जावा एकच पिंप ओढत आणि भांडत आल्या. धक्काबुक्की नको म्हणून मास्तरांनी सगळ्यांना बाकांवर बसवलं, रांगेनं. बाकं भरली. खिडक्याही भरल्या. आपल्या पाळीची वाट बघता बघता लोक म्हणाले, "मास्तर, पुढं वाचा की! कंबरेपर्यंत कधी येतं?" मास्तर टाचा उंचावून वाचत सुटले. खाऱ्या समुद्राचं पाणी गोड झालं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मासे सळसळले तेव्हा न्हाव्याने हळूच आपल्या तांब्यात डोकावून पाहिलं.

एवढ्यात मावशी परतली, हातात पेला. "हा धर तुझा घोटभर. शेजारीण देतच नव्हती, भांडून आणला." मग पायाखाली बघत म्हणाली, "अगंबाई! मेला तो नळ मीच उघडा ठेवला की काय?"

मास्तरांनी जीव मुठीत धरून कोपऱ्याकडे पाहिलं.

पाळकसाहेबांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली होती. "मास्तर," ते म्हणाले, "देवाने उंबरठा वापरला. आता नळ कोणी पिळला, याची चौकशी संदेष्ट्यानेही केली नव्हती." आणि कुलूप त्यांनी भट्टीवाल्याच्या डुगडुगत्या परातीखाली टेकण म्हणून सरकवलं. "वाचा पुढं."

मास्तर मावशीने आणलेलं पाणी घटाघटा प्यायले आणि त्यांनी घसा खाकरला. "त्या नदीच्या दोन्ही तीरांवर झाडं, आणि त्या झाडांची पानं औषधासाठी—"

"औषध?" मावशी उठली. "कुणाला बरं नाही?"

मास्तर तिला अडवायला धावले, पण अख्खं प्रार्थनाघर एका सुरात ओरडलं, "जाऊ द्या तिला!"