काचेआडची गावभट्टी

मित्रांनो, मी उल्मेनग्रुंड गावाची पावाची भट्टी. वय विचाराल तर माझ्या दाराच्या चौकटीवर कोरले आहे, १८३८. आकडा अजून स्पष्ट वाचता येतो, पण तो वाचायला लांबून येणाऱ्या लोकांचा मला अलीकडे कंटाळा आला आहे. खरे सांगायचे तर सगळ्याचाच कंटाळा आला आहे. पण तुम्ही मुले थांबलात, विचारलेत, म्हणून सांगते. बसा. दगड गार आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमचे गाव एवढेसे. खाली ओढा, ओढ्यावर बंद पडलेली पिठाची गिरणी, चढावर चर्च, आणि मधल्या उतारावर चाळीसएक घरे. लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि त्याच्या चौकटींत माती लिंपायची, अशी ही घरे. दिसायला देखणी, पण एक ठिणगी उडाली की आळीच्या आळी राख. पूर्वी घरोघरी पाव भाजत. एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी चुलीतून ठिणगी उडाली आणि चर्चखालची अकरा घरे जळून गेली. मग वरून हुकूम आला, की यापुढे घरात पाव भाजायचा नाही, साऱ्या गावात मिळून एकच भट्टी, तीही घरांपासून लांब. म्हणजे माझा जन्म कुणाच्या हौसेने झाला नाही, धास्तीने झाला.

पाया काळ्या पाषाणाचा, तळाला तांबड्या दगडाच्या लाद्या, वर मातीचा घुमट. फांद्यांची मोठी टोपली विणून उपडी घातली, तिच्यावर ओढ्याकाठची चिकणमाती पेंढा मिसळून थापली, आणि पहिल्या जाळात ती टोपली आतल्या आत जळून गेली. माझ्या डोक्यावर एक खोली काढून तिथे शाळामास्तरांना ठेवले. पगार बेताचा, पण पायाखालची ऊब फुकट. मास्तर हिवाळ्यात कधी आजारी पडत नसत. उन्हाळ्यात मात्र पोरांवर रोज खेकसत.

माझी कामाची वर्षे मी विसरलेले नाही. शुक्रवारी दुपारी चर्चची घंटा झाली की बायका माझ्या दारात जमायच्या. एका जुन्या टोपीत लाकडाच्या चकत्या असत, प्रत्येकीवर आकडा. जिला जो आकडा येईल तो तिचा शनिवारचा नंबर. तुम्हाला पहिला नंबर आवडतो ना? आमच्या गावात पहिला नंबर म्हणजे साडेसाती. कारण गार भट्टी तापवायची पाळी पहिलीची. तिच्या घरच्या काटक्यांच्या चार-पाच मोळ्या माझ्या पोटात जायच्या, मागून येणारीचे मात्र एका मोळीत भागायचे. म्हणून टोपीत हात घालताना प्रत्येक बाई मनातल्या मनात देवाचे नाव घ्यायची.

दोन युद्धे आली आणि गेली. दुसऱ्याच्या शेवटी पिठात बटाट्याच्या साली आणि आणखी काय काय मिसळून आणत. मी तेही भाजले.

मग १९५७ साली लिओबा या गावात नांदायला आली. डोंगरापलीकडची मुलगी, काडीसारखी बारीक, जिभेने मात्र भारदस्त. तिने पहिल्या तीन शुक्रवारी टोपीत हात घातला आणि तिन्ही वेळा पहिलाच नंबर बाहेर आला. शेजारची टिली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं नवरीबाई, पहिला नंबर माहेरून आंदण आणलायस का?"

"आणलाय तर! हवा असला तर घे, पण मोळ्यांसकट घे."

"मोळ्या राहू देत तुझ्याकडेच. मला आपला तुझा उरलेला जाळ पुरतो."

"तरीच म्हटलं, तुझा पाव दर वेळी कच्चा कसा!"

बायका पोट धरधरून हसल्या. त्या दिवसापासून टिली आणि लिओबाची गट्टी जमली, आणि भांडणही कधी थांबले नाही.

लिओबाला माझी नस सापडली होती. जाळ विझला की निखारे बाहेर ओढायची, काठीला बांधलेल्या ओल्या पोतेऱ्याने लाद्या पुसायची आणि चिमूटभर पीठ आत टाकून पाहायची. पीठ काळे पडले तर थांबायचे, पांढरे राहिले तर आणखी एक मोळी, तांबूस झाले की लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पाव आत. पाव निघाले की आलुबुखारच्या फोडी लावलेले परातीएवढे केक जायचे, आणि सगळ्यांचे आटोपले की उरलेल्या उबेत नासपतीच्या फोडी वाळत पडायच्या. माझी ऊब कुणी वाया जाऊ देत नसे.

दर पन्नास-साठ वर्षांनी माझ्या घुमटाची आतली माती सुटायची. ती पुन्हा लिंपायला कुणाला तरी माझ्या तोंडातून पोटावर सरपटत आत जावे लागे, आणि तो मान गावातल्या सगळ्यात बारीक बाईचा. १९६४ साली तो लिओबाला मिळाला. बाहेरून टिली मातीचे गोळे सरकवत होती.

"टिले, इथे काही दिसत नाहीये गं!" आतून आवाज आला.

"मग भट्टीत काय झुंबर टांगायचं तुझ्यासाठी? बोटांनी चाचप आणि लाव."

तिने तसेच केले. दिवसभर उताणी पडून, डोळ्यांत माती जात असताना, बोटांनी चाचपत तिने माझा सारा घुमट लिंपला. तिच्या दहा बोटांच्या रेघा ओल्या मातीत उमटल्या आणि पुढच्या जाळात पक्क्या झाल्या. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या मायेने हात लावला नाही.

पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक असेल, कारण ते सगळीकडेच झाले. पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत चौकात येऊ लागली. शाळा मोठ्या गावात गेली, मास्तरांच्या खोलीत कबुतरे आली. टोपीत हात घालणाऱ्या बायका वीस होत्या त्या नऊ झाल्या, नऊच्या चार झाल्या. शेवटी लिओबा आणि टिली दोघीच उरल्या, आणि दोघींत नंबर काय काढायचे? मग टिलीचे गुडघे गेले. त्यानंतर वीस वर्षे एक शनिवार सोडून एक शनिवार लिओबा एकटीच मला तापवत राहिली. पहिला नंबर कायमचा तिचाच झाला. आणि एका हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली, कमरेचे हाड मोडले, आणि मी दोन वर्षे गार पडले.

मित्रांनो, भट्टीला जाळ मारत नाही, गारठा मारतो. बंद भट्टीची माती हवेतले पाणी पीत राहते. वरून काही दिसत नाही, आतून मात्र ती भिजलेली असते.

अशातच गावाला सातशे वर्षे झाली. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कागदावर आमच्या गावाचे नाव पहिल्यांदा आले होते, तिथून मोजायचे. मोठा उत्सव ठरला. गावाचा प्रमुख आर्नुल्फ, माणूस कामसू, मनाचा चांगला, पण घड्याळाचा गुलाम. शुक्रवारी तो माझी पाहणी करायला आला. लिओबा काठी टेकत मागोमाग आली.

"काकू, परवा रविवारी सकाळी आठला जाळ, अकराला बँड, एकला गरम पाव. पाहुणे बघतच राहतील!"

"परवा? वेडा आहेस का रे? हिला पाच दिवस लागतील. पहिल्या दिवशी टोपलीभर काटक्या, बस्स. दुसऱ्या दिवशी दोन टोपल्या. दोन वर्षांचं पाणी आहे तिच्या अंगात, ते हळूहळू निघायला नको?"

"पाच दिवस कुठून आणू आता?"

"मग पाव पुढच्या रविवारी दे लोकांना."

"असं कसं काकू? कार्यक्रमपत्रिका छापून झालीय!"

आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. छापले म्हणजे झालेच, मग सूर्यानेही त्याच वेळेला उगवायचे. रविवारी आठच्या ठोक्याला त्यांनी माझ्या पोटात बीच झाडाचे सुके ओंडके कोंबले आणि वर छप्परवाल्याची गॅसची मशाल लावली. लिओबा बाकावर बसून दोनदा "बास करा" म्हणाली. बँडची तालीम चालू होती, कुणाला ऐकू गेले नाही.

साडेदहाला मी फुटले. आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट सापडेना, आणि तोंडापासून मागपर्यंत बोटभर रुंद तडा गेला. तरी त्यांनी पाव घातले. एकला बाहेर काढले तेव्हा वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. पाहुण्यांनी सॉसेज खाल्ले आणि जाता जाता म्हणाले, "जुनं सामान ते जुनंच." आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कच्च्या पावाचा ठपका आला, मित्रांनो, आणि तो अजून सलतो.

दुसऱ्या दिवशी आर्नुल्फ टोपी हातात धरून लिओबासमोर उभा राहिला. "चुकलं माझं, काकू."

"चुकलंच. पण रडू नकोस. तडा गेलाय, मेली नाहीये ती. ओढ्याकाठची माती आण, पेंढा बारीक कापून घे. मी सांगेन तसं लिंपायचं. तीन आठवडे वाळली की आपण टोपलीभर काटक्यांपासून सुरुवात करू. आलुबुखार पिकायच्या आत चालू होईल."

"पण आत कोण शिरणार?"

"तूच. तुझ्याइतकं वाळकं गावात दुसरं आहे कोण?"

आर्नुल्फ हसला आणि तयार झाला. आणि काय सांगू, गावात जरा हालचाल झाली. नव्याने राहायला आलेल्या तीन घरांतल्या बायकांनी शिकायला येतो म्हणून नावे दिली. लिओबा पंच्याऐंशी पार केलेली. त्या संध्याकाळी माझ्या दाराशी ती टिलीला म्हणाली, "मला काही नको गं आता. एवढं एक कुणाच्या तरी हाती देऊन जायचंय. चिमूटभर पिठाचा रंग बघायला शिकवायचंय. ते सांगून येत नाही, जाळासमोर उभं राहूनच येतं." माझ्याही मनात तेच होते.

पण माझे नाव जपायच्या वास्तूंच्या यादीत होते, म्हणून परवानगी हवी. शहरातून एक तज्ज्ञ बाई आल्या. स्वभावाने गोड, कामात पक्क्या. त्यांनी बॅटरी घेऊन माझ्या तोंडात डोके घातले आणि आतूनच ओरडल्या, "अहो, इथे बोटांचे ठसे आहेत! सगळ्या घुमटावर! किती सुंदर!"

"माझेच आहेत ते," लिओबा म्हणाली. "चौसष्ट सालचे. आता त्यावरून दुसरा हात फिरवू."

बाईंनी डोके बाहेर काढले. "नाही नाही आजी, यावर आता कणभरही माती लावता येणार नाही. हा ठेवा आहे. आणि जाळ तर मुळीच नाही, तडा वाढेल."

"अहो, ठेवा कसला? लिंपण आहे ते! जुनं झालं की नवं लावायचं. माझ्या लिंपणाखालीही कुणाची तरी बोटं असतील, ती मी बुजवलीच ना?"

"तुम्हीच लिंपलं होतं, याची कुठे नोंद आहे का?"

टिली आपल्या चाकांच्या आधारगाडीवरून गरजली, "नोंद? मी इथे उभी राहून माती देत होते, बाई!"

"आठवण म्हणून लिहून घेते," बाई म्हणाल्या आणि खरेच त्यांनी लिहून घेतले.

गावच्या पंचांची बैठक माझ्याच दारात भरली. आर्नुल्फ म्हणाला, "काकू, एकदा माझ्या हातून ती फुटली. आता पुन्हा जाळ लावून काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?" मला कायमची बंद ठेवण्याच्या बाजूने त्याने हात वर केला. मग बाकीचेही वर झाले. कुणाच्याच मनात वाईट नव्हते, म्हणून तर कुणावर रागावताही येत नाही.

शरद ऋतूत माझ्या तोंडावर काच बसली. आत निखाऱ्यांच्या रंगाचा एक दिवा ठेवला, तो कळ दाबली की लुकलुकतो. बँड होता, भाषणे झाली, केक दुकानातून आणले होते. गर्दी पांगल्यावर लिओबा टिलीला घेऊन पुढे आली. काचेशेजारी पाटी होती.

"चष्मा विसरले. वाच गं काय लिहिलंय."

टिलीने वाचले, "'घुमटावर बोटांचे ठसे. लिंपणारी स्त्री अज्ञात.'"

लिओबा म्हणाली, "स्त्री होती एवढं तरी कळलं म्हणायचं." आणि सवयीने तिने दोन्ही तळहात माझ्या तोंडापुढे शेकायला धरले. दिवा लुकलुकत होता. काच गार होती. थोड्या वेळाने तिने हात कोटाच्या खिशात घातले.

नावे दिलेल्या तिन्ही बायका आता विजेच्या भट्टीत पाव भाजतात. त्यांचे काही चुकले नाही. लिओबा मात्र अजून शनिवारी येऊन समोरच्या बाकावर बसते. कुणी विचारलेच, की आजी, ही कशी पेटवायचे हो, तर ती काठी बाजूला ठेवते आणि हातवारे करून सांगू लागते, पहिल्या दिवशी टोपलीभर काटक्या. माणसे तिसऱ्या दिवसापर्यंत ऐकतात, मग त्यांची बस येते.

मित्रांनो, मी थकले आहे. कामाचा थकवा एका रविवारच्या विश्रांतीने जायचा, हा नुसते बसून राहण्याचा थकवा जात नाही. तरी माझ्यासाठी काही मागत नाही. माझी काच पुसू नका, माझे फोटो काढू नका. ती बघा, बाकावर बसली आहे. तिच्याजवळ जा, पाचही दिवसांचे ऐकून घ्या, आणि तुमच्या परसात चार विटा रचून तिच्यादेखत जाळ लावा. मी दगडमातीची आहे, आणखी शंभर वर्षे थांबेन. तिला तेवढी सवड नाही.