अठ्ठावीस मीटरपर्यंतची हवा

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातून झाकण सुटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. त्यांनी वाकून ते उचललं आणि तिथूनच विचारलं, "जास्त ऑक्सिजनची हवा होती ना गं माझ्या पोराकडे? मग गुदमरला कसा?"

"गुदमरला नाही, आई."

"मग?"

मी नवऱ्याच्याच शब्दांत सांगायला गेले. तो पाहुण्यांना समुद्राखालचे प्रवाळ दाखवायला न्यायचा. एकावर एक बुड्या. साध्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरत जातो, म्हणून स्वतःसाठी नायट्रॉक्स घ्यायचा. नायट्रोजन कमी, ऑक्सिजन जास्त. "पण ही हवा लाडावलेली आहे," म्हणायचा. "वर असेपर्यंत गुणाची, खोल नेली की डोकं फिरतं तिचं." जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, आणि तोच ऑक्सिजन विष होतो. झटके येतात. तोंडातली श्वासाची नळी सुटते, माणूस बुडतो.

सासूबाई झाकण पुसत राहिल्या. कोरडंच होतं ते.

तेवढ्यात भाऊजी आले. नवरा ज्यांच्याकडे कामाला होता ते, बुडी-दुकानाचे मालक. खांद्यावर नवऱ्याचं पिवळं सिलिंडर, चौकशीवाल्यांनी तपासून परत दिलेलं. मीच आणायला सांगितलं होतं.

"या," सासूबाई म्हणाल्या. "चांगली हवा दिलीत हो माझ्या पोराला."

भाऊजींनी मान खाली घातली. "वहिनी, चौकशीत सगळं आलंय. कशाला उगाच जिवाला लावून घेता?"

"ऑक्सिजन मोजायचं मीटर द्या," मी म्हणाले.

त्यांच्यात रीतच आहे. जो बुडी मारणार, त्यानेच आपलं सिलिंडर मोजायचं. भरणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. आकडा आणि खोलीची मर्यादा पट्टीवर आपल्या हाताने लिहायची. पट्टी अजून चिकटलेली होती. ३६ टक्के, २८ मीटर. खाली त्याची घाईतली सही.

आकडा चुकीचा निघावा, एवढंच मला हवं होतं. भरणाऱ्याने घोळ घातला असेल, त्याला ठाऊकच नसेल. मग मला भाऊजींच्या अंगावर धावून जाता आलं असतं. कुणावर तरी ओरडता आलं असतं.

मीटर आधी घरातल्या हवेत धरलं. एकवीस टक्के, साध्या हवेत असतो तेवढाच ऑक्सिजन. म्हणजे नीट चालत होतं. मग भाऊजींनी तोटी जराशी सैल केली. फुस्स करत हवा बाहेर आली, त्याने मागे ठेवलेली. आकडे चढत गेले आणि छत्तीसवर थांबले.

मी पुन्हा मोजलं. छत्तीसच.

"त्याला माहीत होतं," मी म्हणाले.

"आमच्यात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, वहिनी. पाहुणा पाण्यातल्या कड्यावरून खाली खाली जात राहिला, घाबरून वर यायचं सुचेना त्याला. हा मागे गेला. पन्नास मीटरच्या आसपास गाठलं, वर ढकललं. पाहुण्याकडे साधी हवा, ती तेवढं सोसते. ह्याची..."

सासूबाईंनी झाकण खाली ठेवलं. "तो पाहुणा... तो बरा आहे ना?"

"बरा आहे."

"असू दे. त्यालाही आई असेल कुठेतरी," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

आमची लेक टिकली दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ह्याच वर्षी शाळेत जायला लागलीय. ती आली, सिलिंडरपाशी उकिडवी बसली आणि पट्टीवरून बोट फिरवलं.

"अठ्ठावीस. हे बाबानेच लिहिलंय ना?"

"हो गं."

"म्हणजे ह्याच्या खाली जायचं नाही?"

"नाही जायचं."

ती माझ्याकडे वळली.

"मग अठ्ठावीस झाल्यावर त्याला मी आठवले नाही का?"