या पक्षात कुणी साहेब नाही

डबलबेल हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ती शहर बससेवेत कंडक्टर होती आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू व्हायचं, म्हणून डेपोतल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव. दोनदा घंटी वाजली की गाडी सुटते, तशी ही सुटायची. पण गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या तोंडाला नुसता वेग राहिला नव्हता, धार आली होती. नळाला येणारं घाण पाणी पिऊन तिचा नवरा काविळीने गेला. दारं-खिडक्या बसवणारा धडधाकट सुतार, बघता बघता होत्याचा नव्हता झाला.

गल्लीतला पाण्याचा पाइप गटाराच्या अंगाला अंग लावून गेलेला, आणि दोन्ही फुटलेले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वॉर्डातून निवडून आलेल्या साहेबाला तर चांगलंच ठाऊक होतं, कारण त्याच्या स्वतःच्या घरी टँकर यायचा. त्याच्याकडे खेटे घालून लोकांच्या चपला झिजल्या. दर वेळी तो म्हणायचा, "बघतो." इतकं बघून त्याचे डोळे कसे गेले नाहीत, हे डबलबेलला कोडं होतं. बरं, निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहायचा तो त्याचा सख्खा मेव्हणा. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं, तर दगडही त्यांचा आणि वीटही त्यांचीच.

"मग आपण आपलाच पक्ष काढू," ती एकदा पाण्याच्या रांगेत म्हणाली. लोक हसले. ती हसली नाही, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

स्थापनेची सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी तिच्या दिराच्या गॅरेजमध्ये भरली. दीर गाड्या दुरुस्त करायचा. त्याने खोलून ठेवलेल्या दोन गाड्या बाहेर ढकलल्या, फरशीवरच्या तेलावर भुसा टाकला आणि मिळतील तिथून बाकं आणली. बाकं पुरली नाहीत तिथे जुने टायर. हातांची खुर्ची एकच होती, गॅरेजच्या गल्ल्यामागची. डबलबेलची सासू दाराजवळ उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली होती. मुलगा गेल्यापासून म्हातारी फारसं बोलायची नाही. "आई, घरीच थांबा," असं सुनेने म्हणून पाहिलं होतं, तर ती आधीच चप्पल घालून तयार.

पक्षाची घटना लिहायचं काम शिकवणीवाल्या मास्तरांकडे होतं. पहिल्यांदा नावावरूनच जुंपली.

"सामान्य नागरिक पक्ष," मास्तर म्हणाले.

"सामान्य कुणाला म्हणता?" कोपऱ्यातून शिंपी उसळला. "माझ्या हातचे कोट लोक परदेशात घालून जातात."

"बरं, मग तुम्ही वगळून सामान्य," डबलबेल म्हणाली. "सामान्यांचा पक्ष सगळ्यांना हवा, पण सामान्य व्हायला एक जण तयार नाही!"

शेवटी नाव 'नागरिक पक्ष' एवढंच राहिलं. मग तिने पहिला नियम लिहायला लावला: या पक्षात कुणी साहेब नाही. कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही, निवडून आल्यावर तर नाहीच नाही. टाळ्या पडल्या. त्याच भरात तिला अध्यक्ष केलं आणि धरून त्या एकुलत्या एक खुर्चीत बसवलं. आयुष्यभर चालत्या बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडलेल्या बाईला खुर्चीत नेमकं कसं बसावं ते कळेना. नवरा असता तर पोट धरून हसला असता, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार लागलं. पांढऱ्या कपड्यांतला साहेब हात जोडून आत आला.

बाकं करकरली. एक टायर कलंडला. सगळं गॅरेज उठून उभं राहिलं. शिंपी उठला, मास्तर हातातला कागद सावरत उठले, दीर तर हात पुसत पुढेच धावला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. कुणीतरी "या साहेब" म्हणालं, कुणीतरी "साहेब, इकडे" म्हणालं, आणि साहेब सरळ चालत आला तो मोकळ्या खुर्चीत बसला.

"बसा, बसा," तो सगळ्यांना म्हणाला. "मी आज साहेब म्हणून नाही, तुमच्या घरचा म्हणून आलोय. पक्ष काढताय, ऐकून ऊर भरून आला. पण पक्ष चालवायचा म्हणजे खायचं काम नाही. मी तुमच्या पाठीशी आहे. नवा पाइप मंजूर करून आणतो, महिन्याभरात खोदकाम. तुम्ही फक्त मला आपलं म्हणा."

कुणीच बसलं नाही. दीर घसा खाकरून म्हणाला, "मी काय म्हणतो, साहेबांनाच अध्यक्ष केलं तर? वहिनी उपाध्यक्ष."

डबलबेलच्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. "भाऊजी, शुद्धीवर आहात का? ज्याच्यामुळे तुमचा भाऊ गेला, त्याच्या हातात पक्ष देताय?"

"पाइप येईल ना, वहिनी!" दीर कळवळून म्हणाला. "माझ्या पोरीचे डोळे पिवळे झालेत परवापासून. पक्ष घेऊन मी काय चाटू? मला पाणी पाहिजे."

यावर तिचा संताप आणखीच वाढला. दीर खोटं बोलत नव्हता. पोरीच्या आजारावर या माणसाने आपलं दुकान मांडलं होतं आणि दीर त्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन उभा होता. मग ती सगळ्यांवरच तुटून पडली.

"लाज नाही वाटत? आत्ता टाळ्या वाजवल्यात ना? शाई वाळली नाही अजून! गाडीचं दार वाजलं की तुमच्या पाठीचा कणा कुठे जातो? यानेच पाइप सडवला, हाच आता पाइप देणार, आणि तुम्ही त्याला वाकून नमस्कार करणार!"

"ताई, तुमचं दुःख मी समजतो," साहेब हसून म्हणाला. मग दाराकडे नजर टाकत त्याने मोठ्या मनाने हात हलवला. "आजी, तुम्ही बसूनच राहा हं. गुडघ्यांना त्रास नको."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" म्हातारी म्हणाली.

तिचा आवाज बऱ्याच जणांनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ती डब्यावरच बसून होती.

"रोज दोन बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढते मी. उठता येतं मला. माझा पोरगा दवाखान्यात तडफडत होता, तेव्हा तुझ्या दारात मी दिवसभर उभी होते. तू आतून उठून बाहेर आला नाहीस. मी कशाला उठू?"

साहेबाचं हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं. मग म्हातारीने सुनेकडे पाहिलं.

"आणि तू गं? तू का उठलीस?"

डबलबेलने वळून खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्ची तिची होती. तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी 'ऊठ' म्हणालं नव्हतं. नवऱ्याच्या मारेकऱ्याला तिने स्वतःच्या पायांनी जागा करून दिली होती. या वेळी तिला राग आला तो साहेबाचा नव्हता.

"सवय, आई," ती कशीबशी म्हणाली.

"मोड मग."

ती खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. "उठा," ती म्हणाली. साहेब हा शब्द जिभेवर आला होता, तो तिने गिळला. "ही जागा अध्यक्षाची आहे. तुम्हाला सभासद व्हायचं असेल तर मागे टायर आहेत."

साहेबाने आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी मध्ये पडेल, हसून वेळ मारून नेईल, असं त्याला वाटलं असावं. कुणी हललं नाही. मग तो सावकाश उठला, विजार झटकली आणि दिराला म्हणाला, "पाइपचं आता तुमचं तुम्ही बघा." तो निघाला तसे निम्मे लोक त्याच्या मागे गाडीपर्यंत गेले. शिंपी गेला. दीरही गेला, जाताना त्याने वहिनीकडे पाहिलं नाही.

डबलबेलने खुर्ची उचलून सासूपुढे नेली. "तुम्ही बसा, आई. तुमचाच मान आहे."

"मला काय करायचीय? मी बसलेलीच आहे," म्हातारी म्हणाली. "तू बस. आणि परत कुणासाठी उठलीस तर माझ्याशी गाठ आहे."

ती बसली. उरलेलेही एकेक करून बसले. दारात दीर परत आला होता, आत यावं की नाही या विचारात चौकटीला धरून.

"भाऊजी, तसे उभे राहू नका, बसा," ती म्हणाली. "पहिला विषय पाइप. तो आपण मागून नाही, भांडून आणायचाय. मास्तर, लिहा."