माळावरचं गुऱ्हाळ

संस्थानं विलीन व्हायच्या दोनेक वर्षं आधी आमच्या लहानशा दरबाराला गावाची आखणी करायची हुक्की आली. नकाशात कृष्णाकाठ हिरवा रंगवला, तिथे बाग. वरचा माळ लाल, तिथे कारखाने. माळावर पाण्याचा थेंब नाही, हे रंगवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. आमचं गुऱ्हाळ नेमकं त्या हिरव्या रंगात, उसाच्या आणि पाण्याच्या कडेला. पाहणीला साहेब येतील तेव्हा गुऱ्हाळ माळावर दिसलं नाही तर ते बंद होणार, असा हुकूम आला. ऊस तर तोडणीला आला होता.

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जेवणच सोडलं. मला रागच आला.

"आवं, सायेब एकच दिस बघाय येणार न्हवं?" मी म्हणाले. "मग आपून बी एकच दिस माळाव जाऊ की."

पाहणीच्या दिवशी सकाळी गड्यांनी गूळ रांधायची काहील पालथी करून डोक्यावर घेतली. लांबून बघावं तर काहीलच चढ चढतेय, खाली नुसते पाय. मागे बायका रसाचे हंडे घेऊन, पोरं चिपाडं ओढत. कुणीतरी हलगी काढली. माळावर चुलवाण खणलं, पेटवलं आणि रस उकळायला लागला. माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी हसले नव्हते.

साहेब सायकल ढकलत वर आले. काहिलीभोवती फिरले आणि म्हणाले, "छान. पण चरक कुठंय? ऊस कशावर पिळता?"

चरक नदीकाठीच राहिला होता. एवढ्या गावात कुणालाही तो आणायचं सुचलं नव्हतं. हलगी थांबली. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरीवर गरम काकवी ओतून साहेबांपुढे धरली.

साहेब सावकाश जेवले, बोटं चाटली.

"दरबारात एवढंच विचारतील, माळावर धूर निघतो का," ते म्हणाले. "निघतो, म्हणून सांगतो."

मालकांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. धूर गेला म्हणे.

निघताना साहेब माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी पुन्हा येईन, बाई. तेवढा चरक विसरू नका."

"लय जड हाय, सायेब. जरा लौकर या, धरू लागाय."

पुढच्या वर्षी साहेब भल्या सकाळी आले. माळावर नव्हे, थेट नदीकाठी, कोट काढून.