हळे सायकल

पुरुषोत्तमने अमेरिकेहून टायटॅनियमची सायकल आणली आणि बेंगळुरातल्या जयनगरच्या त्या घरात माणसांपेक्षा सायकली जास्त झाल्या. माणसं दोन, सायकली तीन.

पहिली काळी, पुण्याहून आलेली. कॉलेजात असताना तिच्यावरूनच तो प्रमोदिनीला डबलसीट फिरवायचा. चढ आला की ती मागून विचारायची, "उतरू का?" आणि हा धापा टाकत म्हणायचा, "नको!" दुसरी निळी, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागल्यावर घेतलेली. आणि तिसरी ही.

हिचं काय विचारता! लालबागेला चक्कर मारून आला की गडी दिवसभर हसत असायचा. चढ त्याला चढ वाटेनासा झाला. आल्यागेल्याला तो ती दोन बोटांवर उचलून दाखवायचा. "प्रमोदिनी, बघ, वजन आहे का काही?" बायको बिचारी चार महिने रोज बघत होती.

घरमालकीण अंबुबाई तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या. त्यांनी त्या राखाडी सायकलीला एकदा नीट न्याहाळलं.

"हिला रंग द्यायचा ऱ्हायला काय हो अण्णा?"

"काकू, टायटॅनियमला रंग लागत नाही."

"सरी, सरी. पण जिन्याखाली दोनच ऱ्हातील बघा. उद्या खंडेनवमी. ज्या ठेवायच्या त्यांची पूजा करा, तिसरी काढा."

काळी जाईल, असं पुरुषोत्तमने ठरवून टाकलं. शेजारच्या इमारतीचा वॉचमन नरसिंह आनेकलकडचा. बसमधून उतरल्यावर गावापर्यंत पायपीट करायचा. त्याला कामाला येईल.

"देऊ ना?" त्याने प्रमोदिनीला विचारलं.

"दे की. माझं काय जातंय?" असं म्हणून ती तेल आणि फडकं घेऊन खाली गेली आणि तासभर काळी पुसत बसली. मडगार्डात तोंड दिसेल इतकी. आता एवढ्यावरून तरी माणसाने ओळखावं की नाही? पण हा पठ्ठ्या टायटॅनियमच्या चेनला तेल घालण्यात दंग.

पुरुषोत्तमचं कन्नड म्हणजे दोन शब्द, थोडं या अर्थी स्वल्प आणि बरं या अर्थी सरी. जुन्याला हळे म्हणतात, हे अंबुबाईंना विचारून त्याने तिसरा शब्द कमावला आणि ऐटीत नरसिंहला सांगून आला, "हळे सायकल निमगे!" जुनी सायकल तुम्हाला. नरसिंहने हात जोडले.

सकाळी हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन पुरुषोत्तम जिन्याखाली आला. काळी होती. निळी होती. टायटॅनियमची गायब!

"अहो, नरसिंह नेला की आत्ताच," अंबुबाई म्हणाल्या. "हळे म्हणून तुम्हीच दिलासा म्हणे."

प्रमोदिनीला हसू आवरेना. "अरे, एक चकाचक काळी, घंटी, स्टँड, मडगार्ड सगळं जागच्या जागी. दुसरी धड रंग नसलेली, ना घंटी ना कॅरिअर. सांग बघू, जुनी कुठली?"

पुरुषोत्तम हळदकुंकू तिथेच ठेवून निळीकडे धावला. निळीच्या चाकात हवा नव्हती. चार महिन्यांत तिच्याकडे बघितलं होतं कुणी? त्याने काळी ओढली.

"थांब, मी येते. तू त्याला काय सांगणार, स्वल्प?" असं म्हणून प्रमोदिनी मागे बसलीसुद्धा.

नरसिंह सापडला चौकाच्या पलीकडे, सायकलवाल्याच्या दुकानात. टायटॅनियमच्या हँडलला हार घातलेला आणि शेजारी हिरव्या रंगाचा उघडलेला डबा. पुरुषोत्तमने असा काही "ए!" केला, की ब्रश सायकलवाल्याच्या हातातून पडला.

प्रमोदिनीने कन्नडमध्ये सगळा घोटाळा सांगितला. नरसिंहचा चेहरा एकदम उजळला. तो बराच वेळ बोलत होता, आणि शेवटी पुरुषोत्तमकडे वळून अजिजीने म्हणाला, "बेडा, सार."

"नको म्हणतोय," प्रमोदिनी चवीने सांगू लागली. "म्हणाला, साहेबांचा मान ठेवायला नेली. पण नाचणीचं पोतं ठेवायचं कुठे? रंग दिला तरी मोडकीच दिसणार."

सायकल मिळाल्याचा आनंद मानावा की अपमान, हे पुरुषोत्तमला कळेना. तेवढ्यात नरसिंहने काळीच्या सीटवर थाप मारली. ही मात्र चालेल, असं तो म्हणत होता. एवढं कन्नड न शिकताही कळतं.

 प्रमोदिनी पदराने कॅरिअरवरची धूळ पुसायला लागली. धूळ नव्हतीच.  ते बघून पुरुषोत्तमला स्वतःचाच राग आला.

"निळी," तो म्हणाला. "त्याला सांग, निळी देतो. पंक्चर काढून, कॅरिअर बसवून."

"आणि काळी?"

"काळी देण्याघेण्यातली नाही."

परतताना काळीवर दोघं, आणि प्रमोदिनीने एका हाताने टायटॅनियमची हारासकट शेजारून चालवत धरलेली.

"हलकी आहे हं खरंच," तिने चार महिन्यांत पहिल्यांदा कबूल केलं.

मग चढ लागला. काळी करकरू लागली, पुरुषोत्तमचा शर्ट पाठीला चिकटला.

"उतरू का?" मागून आवाज आला.

श्वास पुरत नव्हता, तरी त्याने सगळं बळ एकवटून सांगितलं, "बेडा!"